दोन्ही बाजूंची नागीण

आधी वास आला. भाद्रपदाचे दिवस होते, ऊन अंगाला चिकटत होतं, आणि घरात कुठंतरी काहीतरी मेलंय असं मला तीन दिवस वाटत राहिलं. मी पलंगाखाली झाडू फिरवला, गाठोडी हलवली, फडताळाच्या मागं टॉर्च मारून बघितलं. काही नव्हतं. वास तसा कुजका नव्हताच. आंबलेल्या पिठासारखा होता, थोडा गोडसर. आणि तो एका जागी थांबत नव्हता. सकाळी मोरीजवळ असायचा, दुपारी मधल्या खोलीत, संध्याकाळी जिन्याच्या दाराशी. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की जिथं आक्का बसतात तिथं तो असतो.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका बोळात राहतो. खाली माझं ब्लाउज शिवायचं दुकान, वर दोन खोल्या. नवरा वाळूजला कंपनीत आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. आक्का गावाहून, देवगाव रंगारीहून गुडघे दाखवायला म्हणून आल्या आणि राहिल्या. त्यांच्या माहेरी मेंढरं होती, सासरीही मेंढरं. पावसाळा सरला की घरदार पाठीवर घेऊन चालायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. मूलबाळ नव्हतं. मालक वारले, मेंढरं विकली, गुडघे धरले, आणि जन्मभर चाललेलं ते अंग बसल्या जागी सुटत गेलं. आल्या तेव्हा जिना चढताना तीनदा थांबल्या होत्या.

माझ्या नवऱ्याची आई तो वर्षाचा असतानाच गेली. आक्का तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांनीच त्याला कडेवर वागवून वाढवलं. म्हणून घरात त्यांचा मान सासूचा. त्यांनी होऊन सांगितलं नाही ते मी कधी विचारलं नाही, आणि तुमच्या अंगाला वास येतोय हे तर विचारण्यासारखं नव्हतंच.

मी माझ्यापुरतं कारण काढलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एखादवेळी पाणी येतं. टाकी संपेल या धास्तीनं आक्का अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायच्या, साबण नीट जायचा नाही, अंग पुसायच्या आधीच लुगडं गुंडाळायच्या. मी पावडरचा डबा आणून त्यांच्या उशाशी ठेवला. त्याच्या आधी एकदा त्यांनी खाजेला काही आहे का विचारलं होतं, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली होती. बोळातली सगळी माणसं खाजेला तीच लावतात. खाज कुठं आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पाणी आलं त्या दिवशी मी गादीची खोळ धुवायला काढली. गादी उचलली, तर खालच्या फळीवर काळ्या लोकरीचे तुकडे मांडलेले होते. पडलेले नव्हते, मांडलेले होते. एकाशेजारी एक, सरळ, सारख्या अंतरावर. आक्का लोकर अजून टकळीवर काततात, तीच ही लोकर. मोजले तर सतरा निघाले. माझ्या गळ्यात टेप होताच, हात आपोआप तिकडं गेला. सगळ्यात लांब तुकडा नऊ इंच भरला. पुढचा त्याहून जरा कमी. असं करत करत शेवटचा अडीच इंच. एकही तुकडा आधीच्यापेक्षा मोठा नव्हता.

मी होते तसे ठेवले आणि गादी टाकली. त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाची बाही मी उलटी जोडली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. अंगाचं माप घेणं हाच माझा धंदा आहे, आणि ते तुकडेही कशाचं तरी माप होते एवढं मला कळत होतं. रोज थोडं कमी होणारं असं घरात काय आहे, हे मात्र कळत नव्हतं.

दोन दिवसांनी भर दुपारी रिळं आणायला मी वर गेले. शाळेच्या रिक्षा येऊन गेल्या की आमचा बोळ तासभर अगदी गप्प असतो. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून आक्कांचा आवाज येत होता. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"दोन बोटं राहिली. येतेय ना मी, तू घाई नको करू."

मग त्या थांबल्या. पलीकडचं ऐकून घेताना माणूस थांबतं तेवढंच थांबल्या, आणि हळूच हसल्या. मी रिळं न घेताच खाली आले. पायऱ्यांवर माझ्या पायांचा आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या होत्या हे खाली आल्यावर लक्षात आलं.

नवऱ्याला सांगितलं. तो पाळी करून आला होता, जेवता जेवता म्हणाला, म्हातारी माणसं बोलतात एकटी, मेंढरांशी बोलायची सवय आहे तिला. मला ते पटवून घ्यायचं होतं म्हणून मी पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आक्का जिना उतरून दुकानात आल्या. आल्यापासून तीन-चारदाच खाली उतरल्या असतील. मशीनशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, एक झंपर शिवून दे, नवा, ढिला. मी विचारलं, कोणत्या रंगाचा. त्या म्हणाल्या, "कोणता बी चालंल. एकदाच घालायचाय."

 मी माप घ्यायला उठले. दुकानाच्या कोपऱ्यात पडदा आहे, आत आरसा. त्यांना आत घेतलं, टेप छातीभोवतून फिरवला आणि खालचं माप घ्यायला म्हणून जरा खाली आणला, तर त्यांनी दोन्ही दंड अंगाशी घट्ट आवळून धरले. टेप अडकला. मी तो ओढून काढला, तर हातभर ओला झाला होता. घामानं होतो तसा नाही. पिवळसर, बुळबुळीत. आणि तोच वास, आता नाकाशी.

गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात मी म्हटलं, "आक्का, दाखवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आरशात बघत एकेक गुंडी काढली आणि दोन्ही हातांनी छाती वर उचलून धरली.

छातीखाली जिथं कातडी कातडीवर टेकते तिथं दोन्हीकडं सोलल्यासारखं लाल होतं. लाल आणि चकचकीत, ओलं. घडीच्या तळाशी कातडीला बारीक चीर पडली होती, आणि कडेची कातडी पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी पडून सुटत होती. मोठ्या चट्ट्याच्या बाहेर बारीक लाल ठिपके विखुरले होते. पावडरचा लगदा होऊन घडीत बसला होता आणि त्यावर वाळलेल्या गेरूचे पापुद्रे होते. डावीकडचा चट्टा आणि उजवीकडचा चट्टा दोन्ही मधल्या हाडाकडं येत होते. मध्ये थोडी चांगली कातडी उरली होती. आक्कांनी तिथं आपली दोन बोटं ठेवली. बरोबर बसली.

"नागीण हाय," त्या म्हणाल्या. "डावीकडं तोंड, उजवीकडं शेपूट. भेटली की झालं."

लोकरीचे तुकडे कशाचं माप होते ते मला तेव्हा कळलं. रोज सकाळी त्या उरलेली जागा धाग्यानं मोजत होत्या. पहिल्या तुकड्याच्या वेळी ती नऊ इंच होती. मी आणलेली ट्यूब लावल्यावर तीन दिवस थंड वाटलं, मग ते दुप्पट वेगानं सरकलं, असं त्यांनी कुठलाही दोष न देता सांगितलं. त्यांनी कनवटीतून काढून दिलेली ती ट्यूब हातावर धरून मी पडद्याआड उभी होते आणि बाहेर कुणीतरी ब्लाउज झाला का म्हणून हाका मारत होतं.

मी दवाखान्याचं नाव काढलं तर त्यांनी मान हलवली. मग त्यांच्या आईचं सांगितलं. मेंढरांमागं चालताना कन्नडच्या घाटाखाली मुक्कामाचं पाल पडलं होतं, तिथं आईला छातीखाली असंच उठलं. जाणत्या माणसानं नागीण म्हणून सांगितलं, गेरू लावला. दोन टोकं भेटली की माणूस राहत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बाप्या माणसांनी बघायची ती जागा नव्हे, म्हणून रोज सकाळी धागा धरून माप घ्यायचं काम वडिलांनी नऊ वर्षांच्या पोरीला दिलं. पोर धागा आणून दाखवायची. एके दिवशी टोकं भेटली आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. एवढं सांगून आक्का म्हणाल्या की आपलंही तसंच आहे, आणि दुपारची आई येऊन बसती, तिला सगळं ठाऊक हाय.

पडद्याआडची ती जागा दोन माणसांना जेमतेम पुरते. तिसरं कुणी असल्यासारखी मी मागं सरकले आणि आरशाला टेकले.

शेवटी मी एकच करू शकत होते ते केलं. म्हटलं, आक्का, डॉक्टरनं बघितल्याशिवाय मी कापडाला कात्री लावणार नाही. दुसऱ्या शिंप्याकडं त्या जाणार नव्हत्या. त्यांनी गुंड्या लावायला घेतल्या.

रिक्षानं दहा मिनिटांवर कातडीच्या डॉक्टर आहेत, तिशीतल्या बाई. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आंघोळ कधी केली. मला लाज वाटली. पाणी नव्हतं, दोन दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं, धुतलं असतं तर काही गोष्टी दिसल्या नसत्या. मग त्यांनी हातमोजे घालून छातीखालचं बघितलं, कापसानं थोडं पुसून काचेवर घेतलं, आणि पोटाची घडी उचलली. जांघाही बघितल्या. तिथं तपकिरी, कोरडे, सपाट चट्टे होते. आग होत नव्हती म्हणून आक्कांनी ते हिशेबात धरलेच नव्हते.

"मावशी, आता मी दिवा बंद करणार आहे. घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या.

खिडकीला काळा पडदा होता. दिवा गेला आणि हातही दिसेना. मग बारीक खटका वाजला आणि डॉक्टरांच्या हातात एक जांभळा उजेड लागला. उजेड म्हणायचा, पण त्यानं खोली उजळली नाही. तो आक्कांच्या पोटाच्या घडीवर आला आणि तिथं कातडी पेटली. दुसरा शब्द मला सापडत नाही. राखेखालचा इंगळ फुंकर घातल्यावर फुलतो तशी लाल, पोवळ्याच्या रंगाची. घडीच्या आतून एक पट्टा उजळत कमरेकडं गेला होता. दिवा सरकला तशी आगही सरकली. जांघेत आणखी दोन जागा पेटल्या. इतके दिवस हे त्यांच्या अंगावर होतं आणि दिवसाउजेडी कुणाला दिसलं नव्हतं.

मला वाटलं आक्का ओरडतील. त्या मान वाकवून स्वतःच्या अंगाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय. हेच." ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

मग त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि टेबलावरच मागं सरकल्या. "तू कोण हाईस," त्या मला म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. मी खाली बघितलं. माझ्या साडीवर, हातांवर, छातीवर, सगळीकडं निळे पांढरे धागे चमकत होते. शेकडो. हलले की तेही हलत होते. माझे हात मला दिसत नव्हते, नुसते धागे दिसत होते.

डॉक्टरांनी दिवा लावला. माझ्या साडीवर नेहमीसारखा दुकानातला सुताचा भुगा होता. त्यांनी सांगितलं की या दिव्यात सुती धागे चमकतात, धुण्याची पावडरही चमकते, त्यात विशेष काही नाही. घडीतला लाल रंग मात्र एका जातीच्या जंतूंचा, ते दमट घडीत वाढतात आणि असेच चमकतात. छातीखालचं निराळं, ते बुरशीचं. मोठा चट्टा आणि भोवती सुटे ठिपके, ही तिची खूण. कातडी कातडीवर घासते, घाम साचतो, वारा लागत नाही, तिथं आधी नुसतं लाल होतं आणि मग ज्याला ओल आवडते ते येऊन राहतं. ट्यूब मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती मागून वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. हिच्यात असं औषध मिसळलेलं आहे की खाज दबते, कातडी पातळ होते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं, असं म्हणाल्या.

मी नागिणीचं विचारलं. आक्का विचारणार नव्हत्या.

"नागीण सहसा एकाच बाजूला उठते," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्याचे फोड येतात, आधी कळा येतात. ती अंगाची मधली रेघ ओलांडत नाही. हे दोन्हीकडं सारखं आहे, घडीतच आहे. ही नागीण नव्हे. आणि खरी नागीण दोन्हीकडून आली, भेटली, तरी माणूस त्यानं मरत नाही."

आक्का टेबलावरून उतरत होत्या. एक पाय खाली, एक वर, तशाच थांबल्या.

"आईलाबी दोन्हीकडं व्हतं," त्या म्हणाल्या. "मग ती कशानं गेली?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. इतक्या वर्षांनी ते सांगता येणार नाही म्हणाल्या, आणि मग बोटातून थेंब काढून साखर तपासली. ती बरीच जास्त निघाली. कुणी कधी तपासलीच नव्हती. घडीतलं दुखणं पुन्हा पुन्हा उठायला हेही कारण असतं, असं कळलं.

परतताना रिक्षात आक्का माझ्या बाजूला बसल्या होत्या. पैठण गेटच्या गर्दीत रिक्षा अडकली, हॉर्न वाजत होते, आणि त्या समोरच्या आरशाकडं बघत बोलायला लागल्या. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं.

"एक बोट राहिलं व्हतं. भेटलं नव्हतं. मीच भेटलं म्हनून सांगितलं."

 त्या दिवसांत मेंढ्या व्यायल्या होत्या, त्या म्हणाल्या. बाकीची पोरं कोकरांमागं जायची आणि यांना मात्र रोज त्या पालात जाऊन, तो वास सोसून धागा धरायला लागायचा. कंटाळा आला होता. वाटलं, एकदा सांगून टाकलं की सुटू. सांगितल्यावर वडिलांनी आणि चुलत्यांनी आईला पालाबाहेर झाडाखाली ठेवलं. गेलीच आहे असं धरून सगळे आपापल्या कामाला लागले. कुणी दुष्ट नव्हतं. "पर पान्याचा तांब्या तिच्या हाताला लागंल असा कुणी ठेवला नाय," आक्का म्हणाल्या. "ती मला हाक मारायची. मी कोकरांकडं व्हते."

रिक्षा सुटली. 

त्यानंतरचे पाच आठवडे आमच्या घराला एक नेम लागला. आक्कांसाठी एक बादली निराळी, कितीही टंचाई असली तरी तिला हात लावायचा नाही. कोमट पाणी, साधा साबण, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी. पुसताना घासायचं नाही, मऊ कापड टेकवून टिपायचं. मग आक्का खुर्चीवर बसायच्या, मी घडी उचलून धरायची आणि पंखा सोडायची. दहा मिनिटं. कातडी हाताला कोरडी लागली की डॉक्टरांनी दिलेलं मलम, छातीखाली एक आणि पोटाला दुसरं, अगदी पातळ. पावडर बंद, गेरू बंद, हळद-तेल काही नाही. नवऱ्याची जुनी धोतरं फाडून मी पट्ट्या केल्या. कडा दुमडल्या नाहीत, कारण शिलाईचा काठ घासतो. घडीत पट्टी ठेवायची, ओलसर झाली की बदलायची, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायची. आमच्या गच्चीच्या दोरीवर त्या पांढऱ्या पट्ट्या ओळीनं लटकायच्या. शेजारणीनं एकदा विचारलं, कुणी बाळंत झालं का.

साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. झंपर मी शिवला, मऊ सुती, हाताला ढिला, तीन नग. कोणता कधी घालायचा यावर बोलणं झालं नाही.

दहा-बारा दिवसांत चीर भरली. ठिपके गेले. वास तर त्याच्याही आधी गेला. पण आक्का मात्र दुपारच्या गप्प होत गेल्या. जेवणं झाली की पलंगावर भिंतीला टेकून दाराकडं बघत बसायच्या, कुणाची तरी वाट बघावी तशा. एकदा पट्टी बदलताना मी विचारलं, दुपारचं आता बोलत नाही तुम्ही. त्यांनी हात वर धरलेले होते, पंखा चालू होता.

"येत नाय ती आता," त्या म्हणाल्या. "पानी मागायचं व्हतं तिला, तेवढं झालं नाय."

पंख्याच्या वाऱ्यानं दार हललं. आम्ही दोघींनी तिकडं बघितलं आणि मग मी दुसरी पट्टी घेतली.

डॉक्टरांकडं दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा अंधार केला. जांभळा दिवा पोटावरून, जांघांवरून फिरला. कुठंच काही पेटलं नाही. डॉक्टर दिवा बंद करायला लागल्या तर आक्का म्हणाल्या, थोडा वेळ राहू द्या. त्यांनी राहू दिला. आम्ही तिघी त्या काळोखात त्या साध्या कातडीकडं बघत होतो.

घरी येऊन आक्कांनी माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. मी भाकरी करत होते, तो ओट्याला टेकून उभा होता. एक बोट राहिलं होतं इथपर्यंत त्यांनी सांगितलं, काही गाळलं नाही. त्याला पाळीला जायचं होतं. त्यानं डबा घेतला, चप्पल घातली, परत आत आला. "मला तर ती आठवतबी नाही, आक्का," तो म्हणाला. "मला तूच आठवतेस." आणि गेला. त्या रविवारी तो त्यांच्यासाठी गुडघ्याच्या डॉक्टरची वेळ घेऊन आला. गुडघ्यांचं फारसं काही झालं नाही, वजन उतरलं तर बघू एवढंच कळलं.

थंडी पडल्यावर आक्का देवगावला परतल्या. बरोबर पट्ट्यांचं गाठोडं, गोळ्या आणि तीन झंपर. दुखणं उन्हाळ्यात परत डोकं काढील असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते काढलंच, पण आक्कांनी नुसतं लाल होताच ओळखलं आणि पुढं जाऊ दिलं नाही.

मी चैत्रात त्यांना भेटायला गेले. जेवून दोघी पडलो होतो, तेवढ्यात शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. आक्कांच्या वयाची. आत येईना. मग म्हणाली, नातवाला बघा जरा. आम्ही गेलो. घर गप्प होतं. तीन महिन्यांचं बाळ ओसरीच्या कडेला, पोत्यावर टाकलेल्या फडक्यावर एकटंच होतं, आणि ऊन सरकत सरकत त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. आतल्या खोलीत त्याची आई रडत होती. आता पाजून काय उपयोग, म्हणून सकाळपासून पाजू नको असं घरच्यांनी सांगितलं होतं तिला. बाळ रडूनरडून थकलं असावं, नुसते ओठ हलवत होतं.

बाळ गुटगुटीत होतं, मानेला दोन घड्या. त्या घड्यांतून गळ्याभोवती लाल, ओला पट्टा होता. कुठंही तुटलेला नव्हता.

"पुरं गोल झालंय," आजी म्हणाली. "भेटलंय."

आक्का उभ्याच होत्या. त्यांनी वाकून बाळाच्या गळ्याभोवती बोट फिरवलं, पुढून मागं, मागून पुढं. मोकळी जागा सापडली नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर दुकानातल्या पडद्याआड होतं तेच ते तोंड होतं. मी बोलायला तोंड उघडलं. पण आक्का भिंतीला धरून, गुडघे कुरकुरत, जमिनीवर बसल्या. कित्येक वर्षांत त्या जमिनीवर बसल्या नव्हत्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, हनुवटी वर केली आणि नाक जवळ नेलं.

"भेटू दी," त्या म्हणाल्या. "दूध साचलंय घडीत. पानी आन कोमट."

पाणी आलं. आक्कांनी मऊ फडक्यानं एकेक घडी उघडून टिपली, आणि पदरानं हळू वारा घालत मान कोरडी होऊ दिली. आजीनं पावडरचा डबा पुढं केला तो बाजूला सारला. मग आतल्या पोरीला हाक मारून म्हणाल्या, आधी याला पाज, आणि पाजून झालं की हनुवटीखाली पुसायला विसरू नको. पोर बाहेर आली. बाळ इतक्या जोरानं लुचायला लागलं की त्याचा आवाज सगळ्या ओसरीभर येत होता. आजी भिंतीला पाठ लावून बसली आणि तोंडावर पदर घेतला.

आक्कांना उठता येईना. मी आणि आजीनं दोन दंड धरून त्यांना उभं केलं.

एवढ्या लहान जिवाचं दुखणं घरी ठेवायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जीपनं कन्नडला लहान मुलांच्या डॉक्टरकडं गेलो. वाटेत डोंगर दिसायला लागले तेव्हा मी आक्कांना विचारलं, पाल कुठं पडलं होतं. त्यांनी हात करून दाखवलं नाही. ते झाड कवाच तोडलं, एवढंच म्हणाल्या. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि खड्ड्यांतून जाताना त्याची मान दुमडू नये म्हणून त्यांनी तळहात खाली धरला होता.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि तेच सांगितलं जे आक्कांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी घरी आल्यावर बाळासाठी चार झबली शिवली, मोकळ्या गळ्याची, पुढून नाडीची. आठवड्यानं आजीचा फोन आला. मान कोरडी होती. झबली थोडी आखूड झाली होती, बाळ भराभर वाढत होतं.